पगाराच्या मानाने बेसबॉल खेळाडू महाग की स्वस्त: हिशोब कुठल्या क्रमाने मांडायचा

दर मार्चमध्ये, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मेजर लीगचा हंगाम तोंडावर आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींमध्ये तक्ते फिरायला लागतात. एका रकान्यात पगार, दुसऱ्यात कामगिरी, तिसऱ्यात भागाकार. आणि दर वर्षी वरची वीस-पंचवीस नावं एकाच जातकुळीची निघतात: तेवीस-चोवीस वर्षांची, किमान पगारावर खेळणारी मुलं. तळाला सगळे तिशी ओलांडलेले. मग वाद सुरू होतो की मोठे करार करणाऱ्या क्लबांना अक्कल नाही.

भागाकार चुकलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. मेजर लीगमध्ये सगळ्यांचा पगार एकाच नियमाने ठरत नाही. हे बाजूला न काढता सगळ्यांना एकाच ओळीत उभं केलं, तर तक्ता खेळाडूबद्दल काहीच सांगत नाही, तो कोणत्या नियमाखाली खेळतोय एवढंच सांगतो. खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका. एखादा टप्पा वेळेअभावी ढोबळ केलात तरी चालेल, पण पुढचा आधी घेऊ नका.

तयारी: तक्ता उघडण्याआधी

कागदावर एक वाक्य लिहा: मला नेमकं काय शोधायचं आहे? इथे तीन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते एकमेकांत कालवतात.

(अ) गेल्या हंगामात या खेळाडूवरचे पैसे वसूल झाले का?
(आ) हा खेळाडू आज खुल्या बाजारात आला तर त्याला किती द्यावेत?
(इ) आज याचा ट्रेड (दुसऱ्या क्लबशी अदलाबदल) झाला तर घेणाऱ्या क्लबच्या पदरात, पगार वजा जाता, काय पडेल?

(अ) साठी मागची कामगिरी लागते. (आ) आणि (इ) साठी पुढच्या वर्षांचा अंदाज लागतो. मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून पुढच्या कराराला 'महाग' म्हणणं ही सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक.

माहितीसाठी दोन गोष्टी हाताशी ठेवा. कामगिरीसाठी फॅनग्राफ्स आणि बेसबॉल रेफरन्स ही संकेतस्थळं. करारांच्या तपशिलासाठी स्पॉट्रॅक किंवा कॉट्स. नुसत्या बातमीच्या मथळ्यातला पगार तक्त्यात घालू नका, कारण दुसऱ्या टप्प्यात दिसेल.

आता एकक. तिकडचे आकडे मिलियनमध्ये असतात आणि आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. १ मिलियन म्हणजे १० लाख, १० मिलियन म्हणजे १ कोटी. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकाच्या तक्त्यात किमान पगाराच्या रकान्यात ७६ लाख होते. खरा आकडा ७ लाख ६० हजार डॉलर. एका शून्याने त्याचे सगळे तरुण खेळाडू एका रात्रीत महाग झाले होते आणि त्याला ते आठवडाभर उमगलं नव्हतं. संपूर्ण तक्ता एकाच एककात ठेवा. मी 'लाख डॉलर' वापरतो, कारण किमान पगारही त्यात दिसतो.

> तपासणी: २०२५ चा किमान पगार तुमच्या तक्त्यात ७.६ लाख आणि २०२६ चा ७.८ लाख दिसतोय का? नसेल तर इथेच थांबा.

टप्पा १: आधी गट पाडा

प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचा सर्व्हिस टाइम लिहा. मेजर लीगच्या यादीवर १७२ दिवस काढले की एक वर्ष धरलं जातं. हंगाम साधारण १८६-१८७ दिवसांचा असतो. मग तीन गट पडतात.

*पहिला गट, साधारण तीन वर्षांपर्यंत.* पगार क्लब ठरवतो, तो किमान पगाराच्या आसपास असतो. खेळाडूला दुसरीकडे जाता येत नाही. २०२२ पासून या गटासाठी दर वर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी आहे, पण तो सगळ्या क्लबांनी मिळून भरायचा असतो.

*दुसरा गट, तीन ते सहा वर्षं.* इथे आर्बिट्रेशन, म्हणजे लवाद. क्लब आणि खेळाडूचं जमलं नाही तर लवाद दोन आकड्यांपैकी एक निवडतो, मधला काढत नाही. पगार दर वर्षी चढतो पण बाजारभावाच्या खालीच राहतो. ढोबळ अंदाज म्हणून पहिल्या वर्षी बाजारभावाच्या ४० टक्के, मग ६०, मग ८० असा धरायची पद्धत आहे. दोन ते तीन वर्षांमधल्या खेळाडूंपैकी ज्यांचा सर्व्हिस टाइम जास्त आहे असे वरचे २२ टक्के एक वर्ष आधीच या गटात येतात. त्यांना 'सुपर टू' म्हणतात.

*तिसरा गट, सहा वर्षं पूर्ण.* फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळे. फक्त यांचाच पगार बाजारात ठरलेला असतो.

पायरेट्स क्लबचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्स याने २०२५ मध्ये १.९७ इआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला) काढला, नॅशनल लीगचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, जिंकला आणि त्याचा पगार होता ८.७५ लाख डॉलर. हे 'पायरेट्सची हुशार खरेदी' म्हणून तक्त्यात पहिलं आलं तर त्यात नवल नाही. तो पहिल्या गटात आहे, एवढंच ते सांगतं. त्याची तुलना पहिल्या गटातल्या दुसऱ्या पिचरशी करा, मग तो किती वेगळा आहे ते कळेल.

एक-एक दिवसाला किती किंमत असते ते क्रिस ब्रायंटच्या बाबतीत दिसलं. २०१५ मध्ये कब्सनी त्याला १७ एप्रिलला खालच्या लीगमधून वर बोलावलं आणि त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी. त्या एका दिवसाने त्याचं फ्री एजंट होणं एक वर्ष पुढे गेलं. पुढे त्याने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. म्हणून सर्व्हिस टाइम 'अंदाजे चार वर्षं' असा लिहू नका, वर्ष आणि दिवस दोन्ही लिहा.

> सावधान: सहा वर्षांच्या आत दीर्घ करार केलेले खेळाडू या तिन्हींत नीट बसत नाहीत. ब्रेव्हजनी रोनाल्ड अकुनिया ज्युनियरशी एप्रिल २०१९ मध्ये ८ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा त्याचं मेजर लीगमधलं जेमतेम एक वर्ष झालं होतं. अशांसाठी चौथा गट करा. त्यांचा पगार म्हणजे लवकर मिळालेल्या खात्रीची किंमत आहे, त्याला बाजारभाव समजू नका.

टप्पा २: पगाराचा खरा आकडा काढा

एकाच करारातून तीन आकडे निघतात: या वर्षी हातात पडणारे पैसे, कराराची वार्षिक सरासरी, आणि पुढे ढकललेले पैसे वजा करून उरणारं आजचं मूल्य. तक्त्यात या तिघांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं वाया.

शोहेई ओहतानीचं उदाहरण घ्या. डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये १० वर्षं, ७० कोटी डॉलर जाहीर केले. म्हणजे वर्षाला ७ कोटी. पण त्यातले दर वर्षी ६.८ कोटी पुढे ढकललेले आहेत. ते २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी, मिळायचे आहेत. खेळत असताना त्याच्या हातात वर्षाला २० लाख डॉलर. लीगच्या लक्झरी टॅक्सच्या (एकूण पगार ठरावीक रेषेपलीकडे गेला की क्लबला भरावा लागणारा कर) हिशोबात हा करार वर्षाला सुमारे ४.६ कोटींचा धरला जातो. आता बघा: ज्याने ७ कोटी लिहिले त्याला ओहतानी महाग वाटेल, ज्याने २० लाख लिहिले त्याला फुकट वाटेल. दोघांचंही उत्तर चूक.

वान सोतोचा मेट्सबरोबरचा करार १५ वर्षांचा, ७६.५ कोटींचा, आणि त्यात ढकललेलं काही नाही. मथळे वाचले तर दोघांत साडेसहा कोटींचं अंतर दिसतं. टॅक्सच्या हिशोबाने ओहतानीचा करार एकूण ४६ कोटींच्या आसपास भरतो, म्हणजे अंतर ३० कोटींचं आहे. अर्थात सोतोचे पैसे आणखी पाच वर्षांत पसरले आहेत, ते सहाव्या टप्प्यात मोजायचं.

माझा नियम साधा आहे. प्रश्न (अ) असेल तर टॅक्सच्या हिशोबातली वार्षिक सरासरी घ्या. (आ) असेल तर संपूर्ण कराराचं आजचं मूल्य. (इ) असेल तर आजपासून पुढे प्रत्यक्ष द्यायचे पैसे, मागचे सोडून.

त्यात आणखी एक गोष्ट तपासा: पगार कोण देतंय? मार्लिन्सनी डिसेंबर २०१७ मध्ये जियानकार्लो स्टँटनला यांकीजकडे पाठवलं तेव्हा त्याच्या करारातले ३ कोटी डॉलर स्वतः भरायचं कबूल केलं. यांकीजच्या बाजूने हिशोब मांडताना ते वजा करावे लागतात. आणि उलट बाजूने, बॉबी बोनियाला मेट्स २०३५ पर्यंत दर १ जुलैला सुमारे ११.९ लाख डॉलर देतात. तो २००१ नंतर खेळलेला नाही. असं जुनं देणं पगाराच्या एकूण बेरजेत दिसलं तर बाहेर काढा.

टप्पा ३: कामगिरी एका आकड्यात आणा, पण आकड्याच्या आत डोकावून

इथे 'वॉर' (WAR, विन्स अबव्ह रिप्लेसमेंट) वापरतात. अर्थ असा: हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी किमान पगारात कधीही उचलता येईल असा खेळाडू उतरवला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते. असे सगळेच खेळाडू असलेला संघ १६२ पैकी ४७-४८ सामने जिंकेल असं दोन्ही संकेतस्थळं धरतात, आणि साधारण १० धावा म्हणजे एक विजय.

बॅटिंग ॲव्हरेज, होम रन, पिचरचे विजय यांच्यावरून पगार तोलू नका. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मारलेले २० होम रन आणि डीएचने (क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा) मारलेले २० होम रन यांची किंमत सारखी नाही, कारण शॉर्टस्टॉप मिळणं कठीण. फॅनग्राफ्सच्या हिशोबात पूर्ण हंगामात कॅचरला (पिचरचे चेंडू झेलणारा) जागेबद्दल साडेबारा धावा मिळतात, शॉर्टस्टॉपला साडेसात, पहिल्या बेसवरच्याच्या साडेबारा कापल्या जातात आणि डीएचच्या साडेसतरा. म्हणजे नुसत्या जागेमुळे कॅचर आणि डीएच यांच्यात तीन विजयांचं अंतर पडतं.

आता जिथे लोक हमखास घसरतात तिथे येऊ. दोन संकेतस्थळांचा वॉर एकच नाही. फॅनग्राफ्स पिचरला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून फुकट दिलेला पहिला बेस) आणि होम रन यांवरून तोलतं. बेसबॉल रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावांवरून तोलतं आणि मग मागच्या क्षेत्ररक्षणाचा हिशोब वजा-जमा करतं. ब्लेक स्नेलने २०२३ मध्ये २.२५ इआरए काढला, साय यंग जिंकला, आणि ९९ वॉकही दिले. बेसबॉल रेफरन्सवर तो हंगाम सुमारे ६ वॉरचा आहे, फॅनग्राफ्सवर सुमारे ४ चा. दोन विजयांचा फरक म्हणजे, पुढच्या टप्प्यातल्या भावाने, दीड कोटी डॉलरच्या वर. कॅचरच्या बाबतीतही असंच: चेंडू झेलून अंपायरकडून स्ट्राइक मिळवण्याचं कसब फॅनग्राफ्स मोजतं, बेसबॉल रेफरन्स मोजत नाही.

म्हणून एका तक्त्यात एकच स्रोत. पिचरसाठी मी दोन्ही आकडे शेजारी लिहितो आणि (अ) साठी धावांवरचा, (आ) साठी फॅनग्राफ्सचा घेतो. झालेल्या धावा झाल्या, त्यांचे पैसे वसूल झाले. पुढे टिकण्याची शक्यता मात्र स्ट्राइकआउट आणि वॉकमध्ये जास्त दिसते.

> सावधान, तीन ठिकाणी:
> १. २०२० चा हंगाम ६० सामन्यांचा होता आणि पगारही त्याच प्रमाणात, सुमारे ३७ टक्के, दिला गेला. कामगिरी ६० सामन्यांची आणि पगार पूर्ण वर्षाचा, अशी गाठ मारू नका.
> २. एका वर्षाचा क्षेत्ररक्षणाचा आकडा डळमळीत असतो. तीन वर्षांचा एकत्र बघा.
> ३. शेवटच्या डावात येणारे रिलीव्हर ६०-७० डावच टाकतात, पण नेमके सामना अटीतटीला आलेला असताना. वॉर त्यांना पुरतं न्याय देत नाही. त्यांची तुलना त्यांच्यातच करा.

टप्पा ४: एका विजयाचा बाजारभाव

हा भाव फक्त तिसऱ्या गटातून, म्हणजे फ्री एजंटांच्या करारांतून काढायचा. पहिल्या दोन गटांचे पगार त्यात मिसळले की भाव निम्म्यावर येतो आणि मग प्रत्येक फ्री एजंट लुटारू वाटायला लागतो.

पद्धत: एका हिवाळ्यातले करार घ्या, त्या खेळाडूंकडून करारभर अपेक्षित असलेल्या विजयांची बेरीज करा, पैशांची बेरीज करा, मग भागा. आधी प्रत्येकाचा भाव काढून त्यांची सरासरी घेऊ नका, छोटे करार ती सरासरी वेडीवाकडी करतात. एवढा खटाटोप नको असेल तर विश्लेषक गेली काही वर्षं ज्या पट्ट्यात असतात तो, ८० लाख ते १ कोटी डॉलर, घ्या. मी खालच्या गणितांत ८५ लाख धरतोय.

टप्पा ५: भागू नका, वजा करा

माझ्या मते या सगळ्या लेखात महत्त्वाचा टप्पा हाच, कारण इथे चुकलेला तक्ता दिसायला अगदी नीटनेटका दिसतो.

ॲरन जज, २०२२. शेवटच्या आर्बिट्रेशन वर्षाचा पगार १.९ कोटी डॉलर. ६२ होम रन, वॉर ११ च्या आसपास. भागाकार केला तर एका विजयाला सुमारे १७ लाख डॉलर. आता त्याच वर्षी किमान पगारावर, म्हणजे ७ लाखांवर, खेळलेला आणि जेमतेम १ वॉर काढलेला कुणीही बदली खेळाडू घ्या. एका विजयाला ७ लाख. भागाकाराच्या तक्त्यात हा माणूस जजपेक्षा दुपटीहून 'परवडणारा' ठरतो.

वजाबाकी करा. जज: ११ गुणिले ८५ लाख म्हणजे ९.३५ कोटी, वजा १.९ कोटी, शिल्लक ७.४५ कोटी. बदली खेळाडू: ८५ लाख वजा ७ लाख, शिल्लक ७८ लाख. आता चित्र खरं दिसतं. संघात जागा २६ असतात. एका जागेत ११ विजय बसवणारा माणूस अकरा जागा अडवून तेवढंच देणाऱ्या अकरा जणांसारखा नसतो.

भागाकाराचं आणखी एक दुखणं आहे. वॉर शून्य असेल तर रकान्यात चूक दाखवली जाते, आणि वॉर उणे असेल तर उत्तरही उणे येतं. चढत्या क्रमाने लावलं की संघाला सामने गमावून देणारा खेळाडू थेट पहिल्या ओळीत. हे मी स्वतःच्या पहिल्या तक्त्यात केलं होतं, आणि वरची पाच नावं तशीच मंडळींना पाठवली होती.

> तपासणी: शिल्लक रकान्यात सगळ्यात वरच्या पाचांपैकी किती पहिल्या गटातले आहेत? बहुतेक असतील, ते ठीक. आता गटवार वेगळी क्रमवारी लावा. वाचायची ती ही.

टप्पा ६: पुढची वर्षं

(आ) आणि (इ) साठी. चार पायऱ्या, याच क्रमाने.

१. मागच्या तीन वर्षांचा वॉर घ्या आणि ताज्या वर्षाला जास्त वजन द्या: ५, ४, ३. समजा ३० वर्षांच्या एका खेळाडूने यंदा ५, गेल्या वर्षी ३, त्याआधी ४ वॉर काढले. २५ अधिक १२ अधिक १२, भागिले १२, म्हणजे ४.१.

२. तो आकडा थोडा सरासरीकडे ओढा. नशिबाचा भाग प्रत्येक हंगामात असतो. इथे ३.८ धरू.

३. तिशीनंतर दर वर्षी अर्धा विजय कमी करा: ३.८, ३.३, २.८, २.३, १.८. पाच वर्षांचे १४ विजय.

४. भाव दर वर्षी थोडा वाढवा. ३ टक्के धरले तर पाच वर्षांची किंमत सुमारे १२.५ कोटी डॉलर येते.

हे करून बघितलं की कळतं, असे करार पहिल्या दोन वर्षांत स्वस्त आणि शेवटच्या दोन वर्षांत महाग असणारच. ते आखणीतच असतं. पाचव्या वर्षी त्या खेळाडूकडे बोट दाखवून 'फसला करार' म्हणायचं असेल, तर पहिल्या दोन वर्षांची शिल्लक आधी त्यात मिळवा.

पण उतार नेहमी असा शिस्तीत येत नाही. आल्बर्ट पुहोल्सने एंजल्सशी डिसेंबर २०११ मध्ये १० वर्षांचा २४ कोटींचा करार केला. कार्डिनल्सकडच्या ११ वर्षांत त्याने ८५ च्या वर वॉर काढला होता, एंजल्सकडे त्याच्या पावपटही भरला नाही. २०२१ च्या मे महिन्यात त्यांनी त्याला मोकळं केलं. दुखापतीही अशाच. स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि अँथनी रेंडन, दोघांनी डिसेंबर २०१९ मध्ये ७ वर्षांचे, प्रत्येकी २४.५ कोटींचे करार केले. पिचर असलेल्या स्ट्रासबर्गने त्यानंतर एकूण ८ सामने सुरू केले. रेंडन कुठल्याही हंगामात ६० सामने खेळू शकला नाही. म्हणून तिसऱ्या पायरीत खेळण्याचे दिवस वेगळे धरा: गेल्या तीन वर्षांत जो सरासरी ११० सामने खेळला, त्याच्या नावावर १५० सामन्यांचे विजय मांडू नका.

करार मोडायचा हक्क कुणाकडे आहे तेही बघा. खेळाडूकडे ऑप्ट-आउट असेल तर चांगला खेळला की तो जाणार आणि वाईट खेळला की राहणार, म्हणजे क्लबच्या दृष्टीने किंमत कमी धरायची. पर्याय क्लबकडे असेल तर उलट.

टप्पा ७: घेणारा कोण

थोडक्यात. २०२५ ची लक्झरी टॅक्सची रेषा २४.१ कोटी डॉलर होती, २०२६ ची २४.४ कोटी. पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०, आणि फार पुढे गेलं तर वर अधिभार. सलग तिसऱ्या वर्षी सगळ्यात वरच्या पायरीवर असलेल्या क्लबला हा दर ११० टक्के पडतो. त्याला १ कोटीचा खेळाडू २ कोटी १० लाखांना पडतो. तोच खेळाडू रेषेखालच्या क्लबला १ कोटीलाच. म्हणून 'हा महाग आहे' असं लिहिताना कुणाला, ते शेजारी लिहा.

शेवटी एक सवय लावून घ्या. मार्चमधला तक्ता तारीख घालून तसाच ठेवा. हंगाम संपल्यावर त्यात बदल न करता शेजारी नवा रकाना काढा आणि प्रत्यक्ष वॉर भरा. ज्या नावांपुढे दोन विजयांपेक्षा जास्त फरक पडला असेल, तिथे लिहा: दुखापत, नशीब, की मी कुठला टप्पा गाळला होता. माझ्या मागच्या तक्त्यात अशी नऊ नावं होती, आणि त्यातल्या चारांपुढे मी खेळण्याचे दिवस जास्त धरले होते.